घराचे काम घेताना दोघांची हजेरी

कांदिवलीच्या चारकोप भागात ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविणारे एक बांधव मध्यंतरी आमच्याकडे आले होते. हातातल्या पिशवीत तपकिरी रंगाच्या सेक्शनचे कापलेले तुकडे होते. महावीरनगरातील एका फ्लॅटच्या चार खिडक्यांचे काम त्यांनी घेतले होते. घरच्या साहेबांनी रविवारी सकाळी माप घ्यायला बोलावले, रंग पसंत केला, दर ठरवला आणि बयाणाही दिला. बुधवारी माल कापून झाला. गुरुवारी बाईंचा फोन आला की खिडक्या पांढऱ्या हव्यात आणि तीन ट्रॅकच्या हव्यात, कारण मच्छरजाळीशिवाय त्या भागात राहता येत नाही. फ्लॅट दोघांच्या नावावर होता आणि बँकेचा हप्ता बाईंच्या पगारातून कापला जात होता. साहेब एवढेच म्हणाले, ‘‘भाई, जरा सांभाळून घ्या.’’

मापाने कापलेला सेक्शन दुसऱ्या घरच्या खिडकीला सहसा लागत नाही. दोन सुतांचा फरक असला तरी तो भंगाराच्या भावाने जातो. बयाण्यातून मालाची निम्मी किंमतही निघत नव्हती. वाद वाढवला तर सोसायटीतली पुढची चार कामे जाणार, आणि सांभाळून घेतले तर महिन्याची कमाई जाणार. आमच्याकडे येण्याचे कारण मात्र तक्रार करणे हे नव्हते. त्यांना विचारायचे होते की, यापुढे माप घ्यायला जाताना नवरा-बायको दोघेही हजर पाहिजेत, अशी अट घालावी का? गिऱ्हाईक रागावणार तर नाही?

आमचे उत्तर असे की, दोघांना हजर राहायला जरूर सांगावे. पण का सांगतो हे आधी स्वतःच्या मनाशी पक्के करावे. दोघांना समोर बसवण्याची ही रीत दोन अगदी वेगळ्या हेतूंनी वापरली जाते. एक हेतू कारागिराचा माल आणि दिवस वाचवतो. दुसरा गिऱ्हाइकाला कोंडीत पकडतो.

पहिला हेतू समजण्यासाठी कांदिवलीची वस्ती पाहावी. चारकोपचा मोठा भाग जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ ते १९९४ या काळात राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने वसवला. तेथे तयार इमारतींऐवजी लहान लहान भूखंड दिले गेले. रस्ता, पाणी, गटार व शौचालयाची सोय प्रकल्पाची, आणि भिंती, छप्पर, पुढे वरचा मजला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. त्यामुळे चारकोपचे घर एकदा बांधून संपले असे झाले नाही. पैसा हाती आला की लादी, पुढच्या वर्षी जिना, मग पोटमाळा, मग ग्रिल. गवंडी, लोहार, सुतार, रंगारी यांना या वस्तीने अनेक वर्षे काम दिले, आणि त्यात मालवणीहून सकाळी येणारे आपले कितीतरी कारागीर होते. रेल्वेच्या पूर्वेला ठाकूर व्हिलेज आणि लोखंडवाला येथे फ्लॅटसंस्कृती आहे. तेथे मॉड्युलर किचन, पीओपीचे छत, वॉर्डरोब यांची कामे निघतात. वस्ती कोणतीही असो, नवरा अंधेरीला, बायको चर्चगेटला, आणि दोघे घरी परततात तेव्हा लोकलच्या गर्दीने अंग मोडलेले असते. अशा घरात दोघे एकत्र भेटायचे म्हणजे रविवार, नाही तर रात्री आठनंतर.

आणि आता कागदावरही दोघांची नावे असतात. एका पिढीपूर्वी घर म्हणजे बहुधा पुरुषाच्या नावाचे. गृहकर्ज सर्रास झाले तसे चित्र बदलले. दोघांचा पगार धरला तर कर्ज जास्त मिळते, आणि घराच्या सहमालकाला बँक सहसा कर्जातही सहभागी करून घेते. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत तर झोपडीधारकाबरोबरचा करारच पती-पत्नी दोघांच्या संयुक्त नावे करायचा असतो. त्या घरांचे क्षेत्रफळ आधी २२५ चौरस फूट, मग २६९ आणि २०१८ च्या विकास नियमावलीपासून ३०० चौरस फूट झाले. एवढ्याशा जागेत ओटा दोन इंच पुढे आला तरी पाळण्याची जागा जाते. तेथे एकाला विचारून काम सुरू करणे म्हणजे वाद ओढवून घेणे. शिवाय महाराष्ट्र शासनाने १ एप्रिल २०२१ पासून केवळ महिलेच्या नावावर घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत दिली. तेव्हा दार उघडणारे साहेब हे घराचे मालक असतीलच असे नाही.

येथे आपल्या बांधवांना वेगळे सांगायला नको की, आपल्या शरीअतमध्ये पत्नीची मालमत्ता तिची स्वतःचीच राहते. निकाहमुळे ती पतीची होत नाही. तिचे घर असेल तर त्यात भिंत पाडायची की ठेवायची, हा निर्णय तिचा. पतीने हो म्हटले म्हणून छिन्नी लावणारा कारागीर दुसऱ्याच्या मालाला हात लावत असतो. हे आपल्या घरात आपण मानतो, मग गिऱ्हाइकाच्या घरातही तोच विचार हवा.

कायद्याचे म्हणाल तर दोघांच्या सह्या नसल्या म्हणून करार रद्द ठरत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे सज्ञान माणसाने मोकळ्या संमतीने केलेला करार त्याला बांधतो. अडचण अशी की, तो सहसा ज्याने केला त्यालाच बांधतो. साहेबांनी सही केली तर पैसे साहेबांकडे मागता येतील. बाई म्हणाल्या की मला विचारलेच नाही, तर त्यांच्या मालकीच्या घरात शिरून काम पुरे करण्याचा हक्क त्या सहीने मिळत नाही. कोर्टात जाऊन चार खिडक्यांचे पैसे वसूल करणारा कारागीर आम्ही तरी पाहिलेला नाही. म्हणजे कायद्याला दुसरी सही लागत नाही, ती कारागिराला लागते.

‘दोघे’ म्हणजे नेहमी नवरा-बायकोच, असे मात्र धरून चालू नये. अनुभवी कारागीर मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतो. कागदावर नाव कोणाचे? पैसा कोण देणार? आणि वापरणार कोण? कधी तिन्हींचे उत्तर एकच असते, कधी तीन वेगळी माणसे निघतात. घर आजोबांच्या नावावर, पैसा आखातात नोकरी करणाऱ्या मुलाचा, आणि स्वयंपाकघरात दिवसभर उभी राहणारी सून. अशा घरात सासऱ्यांशी तासभर चहा घेत दर ठरवणे हे अर्धेच काम झाले. ओट्याची उंची सुनेला उभे करून, तिच्या कोपराखाली पट्टी धरून ठरवावी लागते. ग्रॅनाइट एकदा बसला की तो उचलताना बहुधा फुटतो, आणि फुटलेल्या लादीचे पैसे कोण देणार यावर जो वाद होतो तो आमच्या वाचकांपैकी अनेकांनी भोगला असेल.

आणखी एक बाजू आहे जी व्यवहाराच्या पुस्तकात नसते. दुपारी बाई घरात एकट्या असताना अनोळखी कारागीर आत जाऊन खोल्या मोजतो, तेव्हा त्या संकोचतात आणि तोही संकोचतो. घाईत माप चुकते. वॉचमनच्या वहीत नाव लिहून आलेला असला तरी शेजारचे दार किलकिले होतेच. घरची दोन माणसे असली की माप शांतपणे घेता येते आणि नंतर कोणी बोट दाखवीत नाही. आपल्या पडदानशीन घरांत तर हे आपोआप पाळले जाते.

आता विचारायचे कसे, ते पाहू. ‘‘दोघे असाल तरच येतो’’ असे फोनवर बोलणारा माणूस गिऱ्हाइकाला उद्धट वाटतो, आणि तसे वाटणे बरोबर आहे. बाईंनी फोन केला असता ‘‘मिस्टर कधी भेटतील?’’ असे विचारणे त्याहून वाईट. घर त्यांचे एकटीचे असेल, त्या विधवा असतील, एकट्या राहत असतील. तुम्ही पहिल्याच वाक्यात त्यांना सांगितले की तुमच्या शब्दाला आम्ही किंमत देत नाही. असे एक वाक्य बोलून लोखंडवाल्यातले अख्ख्या फ्लॅटचे काम घालवलेले सुतार आमच्या ओळखीचे आहेत. त्यापेक्षा सरळ विचारावे: ‘‘ताई, काम ठरवताना घरात आणखी कोणाला दाखवायचे असेल तर ते कधी असतात, तेव्हाच येतो. म्हणजे तुमचाही वेळ दोनदा जाणार नाही.’’ एकटीच ठरवणारी बाई सांगेल की कोणी नाही, या. बाकीच्या घरांतून बहुतेक वेळा उत्तर येईल, रविवारी या.

रविवारच्या या दोन-तीन तासांसाठी सगळ्याच धंदेवाल्यांची ओढाताण असते. म्हणून जवळजवळच्या भेटी एकत्र लावाव्यात. ठाकूर व्हिलेजच्या दोन भेटी आणि मध्ये चारकोपची एक असे केले तर स्टेशनचा पूल आणि रिक्षाची रांग यातच सकाळ जाते. २०२२ मध्ये मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सुरू झाल्या, पण एक पूर्वेकडून जाते आणि दुसरी पश्चिमेकडून. कांदिवलीतल्या कांदिवलीत पूर्व-पश्चिम जायला त्यांचा उपयोग नाही. रात्रीची भेट मगरिबनंतर की इशानंतर, हे आधीच ठरवून सांगावे. येतो म्हणून सांगून अर्धा तास उशिरा पोचणाऱ्याची छाप पडत नाही.

आता दुसऱ्या हेतूकडे वळू. हा भाग नीट वाचावा, कारण मोठ्या शोरूमचे एजंट म्हणून आपली तरुण मुले आता या कामात शिरत आहेत आणि तेथे त्यांना हेच शिकवले जाते.

घरी जाऊन माल विकण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सने व्हॅक्युम क्लीनर आणि पाण्याची यंत्रे अशीच घरोघर दाखवून विकली, आणि टाय लावलेला विक्रेता शहरी घरांच्या ओळखीचा झाला. परंतु घरसुधारणेच्या धंद्यात ‘दोघेही हजर हवेत’ हा नियम म्हणून रूढ झाला तो अमेरिकेत. तेथे घराला बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे, नवे छप्पर, नव्या खिडक्या विकणाऱ्या कंपन्या भेटीची वेळ देतानाच दोघा मालकांची हजेरी मागतात. एकच जण भेटला तर त्या भेटीला विक्रेत्यांच्या बोलीत ‘वन-लेग’, म्हणजे एका पायाची भेट, म्हणतात. एका पायावर सौदा उभा राहत नाही, हा त्यातला अर्थ. येथवर ठीक. पण खरे कारण पुष्कळदा वेगळे असते. गिऱ्हाईक सौदा टाळताना एक सभ्य वाक्य वापरते: ‘‘घरी विचारून सांगतो.’’ दोघे समोर बसले की हे वाक्य वापरता येत नाही. मग विक्रेता दोन-तीन तास उठत नाही, आधी फुगवलेला दर सांगतो, मग ‘साहेबांना फोन करून’ तो खाली आणतो, आणि म्हणतो की हा भाव फक्त आज रात्रीपुरता. थकलेले जोडपे सही करून मोकळे होते.

या प्रकाराचा तेथे इतका त्रास झाला की सरकारला मध्ये पडावे लागले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम लागू केला की, घरी येऊन केलेला सौदा गिऱ्हाइकाला तीन कामकाजाच्या दिवसांत काही कारण न देता रद्द करता येईल. युरोपात १९८५ च्या निर्देशाने किमान सात दिवस दिले, पुढे ते चौदा झाले. आपल्याकडे थेट विक्रीच्या कंपन्यांसाठी डिसेंबर २०२१ मध्ये नियम आले.  आपल्या सुताराला किंवा खिडकीवाल्याला ते नियम लागू नाहीत. मात्र २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या रकमेच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही. खोटी सूट दाखवून, खोटा भाव सांगून घेतलेली सही तेथे महागात पडू शकते.

फिकहच्या किताबांची ओळख असलेल्या वाचकांना हे तीन दिवस ओळखीचे वाटले असतील. खरेदीदाराने तीन दिवसांची मुदत राखून सौदा करावा, याला खियार-ए-शर्त म्हणतात, आणि व्यवहारात फसवल्या जाणाऱ्या एका सहाबींना हुजूर (स.) यांनी दिलेल्या सवलतीशी त्याचा संबंध जोडला जातो. ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याचा आपला व्यवहार इस्तिसना या प्रकारात मोडतो. बनलेली वस्तू पाहून गिऱ्हाइकाला नाकारता येते का, यावर हनफी इमामांत मतभेद होता. इमाम अबू यूसुफ यांचे मत असे की, वस्तू ठरलेल्या वर्णनाप्रमाणे बनली असेल तर ती घ्यावीच लागेल, नाही तर कारागिराचे नुकसान होते. तुर्की सल्तनतीच्या एकोणिसाव्या शतकातील ‘मजल्ला’ या कायद्याने हेच मत घेतले. कोकणातील आपले शाफई बांधव या बाबतीत आपल्या उलमांना विचारतीलच. व्यवहाराच्या दृष्टीने आम्हाला त्यातला ‘ठरलेल्या वर्णनाप्रमाणे’ हा शब्द मोलाचा वाटतो. वर्णन पुरे असेल तर कारागीर सुरक्षित. आणि ज्या घरात दोन डोकी आहेत तेथे एकाने सांगितलेले वर्णन पुरे नसते.

म्हणून चारकोपच्या त्या बांधवांना आम्ही सुचवले ते असे. भेट दोघांची मागा, पण त्या भेटीत सही मागू नका. माप घ्या, नमुने दाखवा, दोघांचे ऐका. त्यांचा आपसात वाद झाला तर मध्ये बोलू नका. पंच होणारा कारागीर शेवटी दोघांनाही नकोसा होतो. सोसायटीत खिडकीच्या बाहेरच्या रंगाचा काही नियम आहे का, हे तेथेच विचारून घ्या. तपकिरी की पांढरा हा वाद अनेकदा सेक्रेटरीच्या एका कागदाने मिटतो. घरी येऊन कोटेशन लिहा आणि व्हॉट्सॲपवर दोघांनाही पाठवा. प्लायवुड असेल तर ‘चांगले प्लाय’ असे लिहू नका. आयएस ३०३ की ७१०, जाडी किती मिलिमीटर, सनमायका कोणत्या नंबरची, हे लिहा. खिडकी असेल तर ट्रॅक किती, काच किती मिलिमीटरची, रंग कोणता, जाळी आहे की नाही. दर किती दिवस राहील तेही लिहा, आणि तो खरोखर तितके दिवस ठेवा. दोन दिवसांनी दोघांचे हो आले की बयाणा घ्या, आणि बयाणा इतका घ्या की कापायच्या मालाची किंमत त्यात निघेल. त्याआधी करवतीला हात लावू नका.

एकच जण भेटला तर परत फिरू नये. माप घ्यावे, नमुन्याचा तुकडा ठेवून यावा, तोंडी दर सांगू नये. तोंडी सांगितलेला दर न भेटलेल्या माणसापर्यंत पोचताना कमी होऊन पोचतो, असा आमचा अनुभव आहे. दुसरा जोडीदार परगावी किंवा परदेशी असेल तर व्हिडिओ कॉलवर खोली फिरवून दाखवावी, आणि कॉल संपल्यावर ठरलेले चार ओळींत लिहून पाठवावे.

यात काही कामे हातची जातील, हे आम्ही त्या बांधवांपासून लपवले नाही. दोन दिवसांत गिऱ्हाईक दुसरीकडे विचारते, आणि पन्नास रुपये फुटामागे कमी सांगणारा कोणीतरी निघतोच. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात तर घाईतले काम सोडणे जिवावर येते. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले की, जे काम दोन दिवसांत जाते ते बुधवारी माल कापल्यावर जाण्यापेक्षा बरे.

महावीरनगरच्या कामाचे काय झाले, हेही सांगतो. दोन खिडक्यांचा तपकिरी सेक्शन त्यांनी एका दुकानाच्या पार्टिशनला वापरला, उरलेला भंगारात गेला. बाईंना पांढऱ्या, तीन ट्रॅकच्या खिडक्या बसवून दिल्या. बाईंनी नव्या मालाचे पैसे पूर्ण दिले, जुन्या मालाचा विषय कोणी काढला नाही. परवा ते पुन्हा आले तेव्हा मालाडच्या छापखान्यातून नवे कोटेशन-बुक करून आणले होते. खाली सहीसाठी दोन रेघा आहेत, आणि त्यांच्यावर ‘पती’ किंवा ‘पत्नी’ असे काहीच छापलेले नाही.